चिनी विवाहसंस्था : सोबतीचा हरवलेला धागा

चीनमध्ये २०२४ या वर्षात ६१ लाख ६ हजार जोडप्यांनी विवाहाची नोंदणी केली. आदल्या वर्षाच्या तुलनेत ही घट २०.५ टक्के होती आणि १९८६ पासून ठेवल्या जाणाऱ्या आकडेवारीतील हा नीचांक ठरला. २०१३ मध्ये हाच आकडा १ कोटी ३४ लाखांहून अधिक होता. म्हणजे अवघ्या अकरा वर्षांत जगातील एका बलाढ्य राष्ट्रातील विवाहांची संख्या निम्म्याखाली आली. २०२४ हे चांद्रवर्ष वसंतारंभाचा दिवस नसलेले, म्हणजे लोकसमजुतीप्रमाणे 'विधवा वर्ष' होते आणि अशा वर्षी लग्न टाळले जाते, हे खरे. पुढच्या वर्षी नोंदणीचे नियम शिथिल झाल्यावर आकडा काहीसा सावरला, हेही खरे. तथापि दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या घसरणीचा उलगडा पंचांगाने होत नाही.

बीजिंगच्या राज्यकर्त्यांना या आकड्यांची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. चीनमध्ये विवाहाबाहेरील अपत्यजन्माचे प्रमाण अत्यल्प असल्याने लग्ने घटली की जन्मही घटतात. २०२२ मध्ये साठ वर्षांहून अधिक काळानंतर प्रथमच चीनची लोकसंख्या कमी झाली आणि २०२३ मध्ये भारताने लोकसंख्येत त्या देशाला मागे टाकले. २०२४ अखेर साठीच्या पुढचे नागरिक ३१ कोटींवर, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या २२ टक्के झाले. राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये अखिल चीन महिला महासंघाच्या नव्या नेतृत्वाशी बोलताना विवाह आणि अपत्यसंगोपनाची नवी संस्कृती रुजविण्याचे आवाहन केले व कौटुंबिक परंपरेचा वारसाही स्मरला. तेव्हापासून परंपरा हा शब्द चिनी सरकारी भाषेत वारंवार ऐकू येतो.

परंतु ज्या परंपरेचा हवाला दिला जात आहे, तिच्यात पती-पत्नीच्या प्रेमाला आणि सोबतीला नेमके कोणते स्थान होते? आजच्या चिनी तरुण-तरुणींनी लग्नाकडे पाठ का फिरवली, हे समजून घ्यायचे तर या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे लागते.

दोन घराण्यांचा करार

प्राचीन चिनी धर्मग्रंथांनी विवाहाची व्याख्या निःसंदिग्ध शब्दांत केली आहे. दोन आडनावांचे मीलन, पूर्वजांच्या देवघराची सेवा आणि वंशाचे सातत्य ही विवाहाची उद्दिष्टे. या व्याख्येत वधू-वरांच्या मनाचा उल्लेखही नाही. विवाहाचे सहा विधी सांगितले आहेत. मध्यस्थामार्फत मागणी घालणे, मुलीचे नाव व जन्मवेळ विचारणे, शुभाशुभ पाहून संबंध निश्चित करणे, वधूपक्षाकडे भेटी पाठविणे, मुहूर्त ठरविणे आणि अखेर वराने वधूला घेऊन येणे. पत्रिका जुळविणाऱ्या मराठी घरांना यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. हे विधी दोन घराण्यांमध्ये होत आणि आई-वडिलांची आज्ञा व मध्यस्थाचा शब्द हेच विवाहाचे अधिष्ठान मानले जाई. वधू-वरांची पहिली नजरभेट लग्नाच्या रात्री होणे यात कोणाला वावगे वाटत नसे.

कायद्यानेही हीच दृष्टी स्वीकारली. तांग राजवटीपासून संहिताबद्ध झालेल्या नियमांनुसार पत्नीचा त्याग करण्यास सात कारणे पुरेशी होती. पुत्र नसणे, व्यभिचार, सासू-सासऱ्यांची अवज्ञा, वाचाळपणा, चोरी, मत्सर आणि असाध्य रोग. तिच्या बाजूने तीन अपवाद होते. परत जाण्यास माहेर उरले नसेल, तिने सासू-सासऱ्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण सुतक पाळले असेल, किंवा गरिबीत लग्न होऊन पुढे घराला वैभव आले असेल, तर तिला घालविता येत नसे. या अपवादांत माणुसकी आहे, परंतु तीही सुनेने केलेल्या सेवेची आणि सोसलेल्या कष्टांची पोच आहे. पती-पत्नीचे एकमेकांवर प्रेम आहे वा नाही, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेतच येत नव्हता. पुरुषाला उपपत्नी ठेवण्याची मुभा होती आणि पत्नीचा मत्सर हा मात्र अपराध होता.

मिंग व छिंग राजवटींत पुनर्विवाह न करणाऱ्या विधवांचा राजदरबारी गौरव होई आणि त्यांच्या नावाने गावोगावी दगडी कमानी उभ्या राहत. त्यांतील काही आजही पाहायला मिळतात. सत्तेने विवाहातील जे मोजता येते त्याचा सन्मान करावा आणि जे मोजता येत नाही ते वाऱ्यावर सोडावे, हा प्रकार आजचा नाही, हे या कमानींवरून लक्षात यावे.

शिष्टाचाराआडचा जिव्हाळा

याचा अर्थ जुन्या चीनमध्ये पती-पत्नींत प्रेम नव्हते असा मात्र नाही. ते होते, आणि त्याचे आदर्शही समाजाने जपले होते. त्यांचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. एकमेकांना पाहुण्यासारखे वागवावे, हा चिनी दांपत्यजीवनाचा प्राचीन आदर्श. शी चुए नावाचा शेतात निंदणी करणारा माणूस आणि त्याला जेवण घेऊन येणारी त्याची पत्नी परस्परांशी अतिथीच्या आदराने वागताना एका अधिकाऱ्याला दिसली आणि एवढ्यावरून त्याने त्या माणसाची राजसेवेसाठी शिफारस केली, अशी कथा आहे. हान काळातील लियांग हाँग या निर्धन विद्वानाची पत्नी मेंग गुआंग जेवणाचे तबक भुवयांपर्यंत उचलून त्याच्यापुढे धरत असे. हे तबक चिनी भाषेत आजही आदर्श दांपत्याचे प्रतीक आहे. या आदर्शात आदर भरपूर आहे. जवळीक मात्र अंतर राखूनच आहे.

ते अंतर ओलांडणाऱ्याचे काय होई, याचेही उदाहरण त्याच काळात सापडते. राजधानीचा प्रशासक झांग चांग स्वतःच्या हातांनी पत्नीच्या भुवया रेखतो, अशी तक्रार थेट सम्राटापर्यंत गेली. पती-पत्नीच्या खोलीत याहून अधिक खासगी गोष्टी घडत असतात, असे उत्तर त्याने दिले. सम्राटाने त्याची हुशारी पाहून शिक्षा केली नाही, परंतु त्याला पुढे मोठे पदही मिळाले नाही. पत्नीवरचे प्रेम हा गुन्हा नव्हता. ते दिसू देणे मात्र अधिकाऱ्याच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते.

बाराव्या शतकातील श्रेष्ठ कवयित्री ली चिंगझाओ हिचा संसार या चौकटीत राहूनही वेगळा होता. ११०१ मध्ये तिचा विवाह झाओ मिंगचेंग याच्याशी झाला. तो तेव्हा राजधानीत शिकत होता. महिन्यातून दोन वेळा सुट्टी मिळाली की तो कपडे गहाण टाकून पैसे उभे करी, मंदिराजवळच्या बाजारातून जुन्या शिलालेखांचे ठसे आणि फळे घेऊन येई आणि दोघे ते ठसे न्याहाळीत बसत. पुढे जेवणानंतर त्यांचा एक खेळ ठरून गेला. एखादा संदर्भ कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत आहे हे अचूक सांगणाऱ्याने चहा आधी प्यायचा. जिंकण्याच्या हर्षात पेला हेलकावून चहा अंगावर सांडे, अशी आठवण तिने पतीच्या मृत्यूनंतर त्यांच्या संयुक्त संशोधनग्रंथाला जोडलेल्या उपसंहारात नोंदविली आहे.

हा उपसंहार भाबडा मात्र नाही. संग्रह वाढला, कपाटांना कुलपे लागली, पुस्तक हवे तर किल्ली मागावी लागू लागली, आणि त्या साऱ्याचा आपल्याला कंटाळा आला, हेही ती लपवीत नाही. ११२७ मध्ये उत्तरेचे राज्य कोसळले. ११२९ मध्ये अखेरच्या निरोपावेळी पतीने संकटात काय काय आणि कोणत्या क्रमाने टाकून द्यावे याची यादी सांगितली, आणि पूर्वजांची पूजापात्रे मात्र स्वतःच्या जिवासारखी सांभाळावीत असे बजावले. एवढ्या समरस झालेल्या संसारातही शेवटचा शब्द पूर्वजांच्या देवघराचाच होता.

पेजेची वाटी

पारंपरिक चिनी विवाहातील सोबतीचा सर्वांत जिवंत दस्तऐवज म्हणजे शेन फू या सुचौच्या सामान्य कारकुनाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लिहिलेल्या आठवणी. 'तरंगत्या आयुष्याच्या सहा नोंदी' या नावाच्या या पुस्तकाचे हस्तलिखित जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडले आणि १८७७ मध्ये छापले गेले. सहापैकी चारच प्रकरणे उपलब्ध आहेत. लिन युतांग यांनी १९३० च्या दशकात त्याचा इंग्रजी अनुवाद केल्यावर शेन फूची पत्नी युन जगभर पोहोचली.

युन त्याची मामेबहीण. लग्नाआधी एका रात्री भुकेल्या शेन फूसाठी तिने तांदळाची गरम पेज लपवून ठेवली होती. ती उघडकीला येऊन घरभर थट्टा झाली. १७८० मध्ये लग्न झाले. सुरुवातीला बोळात समोरासमोर आल्यावर हळूच हात धरणारे हे जोडपे पुढे चारचौघांत शेजारी बसण्यासही संकोचेनासे झाले. युन उन्हाळ्यात रात्री मिटणाऱ्या कमळांत चहापत्तीची लहान पुरचुंडी ठेवी आणि सकाळी ती काढून त्या सुगंधी पत्तीचा चहा करी. देवळातील दिव्यांची आरास पाहता यावी म्हणून ती पतीचे कपडे घालून पुरुषवेषात बाहेर पडली. जन्मोजन्मी पती-पत्नी व्हावे, अशा अर्थाचे दोन शिक्के करवून दोघांनी एकेक जवळ ठेवला होता.

परंतु याच पुस्तकात त्या सुखाची किंमतही नोंदलेली आहे. युन लिहू-वाचू शकत होती म्हणून सासऱ्यांच्या पत्रव्यवहारात ती ओढली गेली आणि गैरसमजांची धनी झाली. सासऱ्यांच्या रोषामुळे या जोडप्याला दोन वेळा घर सोडावे लागले. दुसऱ्या वेळी मुलीला तिच्या भावी सासरी धाडून आणि मुलाला दुकानात शिकाऊ म्हणून ठेवण्याची तजवीज करून दोघे पहाटेच्या अंधारात निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी पेज घेतली, आणि जिच्यामुळे आपण एकत्र आलो तीच पेज पिऊन आपण घरातून निघत आहोत, असे युन कसेबसे हसून म्हणाली. १८०३ मध्ये दारिद्र्यात आणि आजारात तिचे निधन झाले. ज्या युनला आज आदर्श सहचरी मानले जाते, तिने स्वतःच पतीसाठी उपपत्नी शोधण्याचा ध्यास घेतला होता, ही गोष्टही विसरता येत नाही. व्यवस्थेची मूल्ये तिच्या प्रेमातही उतरली होती.

शेन फूच्या आठवणींतून एक गोष्ट स्पष्ट होते. या दोघांचे सुखाचे दिवस प्रायः घरापासून दूर, एखाद्या बागेशेजारच्या लहानशा खोलीत गेले. मोठ्या वाड्यात सर्वांसाठी जागा होती. दोघांच्या सोबतीसाठी तेवढी नव्हती.

पिता-पुत्र प्रथम, पती-पत्नी नंतर

चीनचे थोर समाजशास्त्रज्ञ फेई शियाओटोंग यांनी १९४० च्या दशकात या वस्तुस्थितीची तात्त्विक मांडणी केली. त्यांच्या मते चिनी कुटुंब ही मुळात एक कार्यसंस्था आहे. तिचा मुख्य आस पिता-पुत्र आणि सासू-सून या उभ्या नात्यांचा, तर पती-पत्नीचा आस दुय्यम. कार्यसंस्थेला शिस्त हवी असते आणि उत्कट भावना शिस्तीत अडथळा आणतात. म्हणून खेड्यांतील दांपत्ये एकमेकांशी मोजके बोलत, पुरुष गप्पांसाठी पुरुषांत आणि स्त्रिया स्त्रियांत रमत. फेई यांच्या या विवेचनात प्रेमाचा अभाव हा चिनी माणसाचा स्वभाव ठरत नाही. तो कुटुंबरचनेचा परिणाम ठरतो.

ही रचना हादरू लागली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. नोव्हेंबर १९१९ मध्ये चांगशा शहरात झाओ आडनावाच्या तरुणीने मनाविरुद्ध ठरविलेल्या लग्नाच्या पालखीतच स्वतःचा जीव घेतला. या घटनेवर स्थानिक वृत्तपत्रांतून लेखामागून लेख लिहिणाऱ्या तरुणांत माओ झेदोंग होते. लू शुन यांनी १९०६ मध्ये आईच्या इच्छेखातर झू आन हिच्याशी लग्न केले. पण हा संसार कधी सुरूच झाला नाही. ते पुढे शू ग्वांगपिंग यांच्यासमवेत राहू लागले आणि झू आन सासूची सेवा करीत राहिली. याच पिढीतील हू शी यांनी मात्र आईने ठरविलेल्या अल्पशिक्षित जियांग दोंगशिऊ हिच्याशी १९१७ मध्ये विवाह करून तो १९६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत निभावला. व्यवस्था एकच, फलित मात्र नशिबावर सोपविलेले. आणि नशिबाचा फटका बसला तो मुख्यतः झू आनसारख्या स्त्रियांना, ज्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

मध्यस्थाविना जुळलेल्या विवाहांचा हा काळ मराठी वाचकांना एका वेगळ्या कारणाने परिचित आहे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी युद्धकाळात उत्तर चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४१ मध्ये तेथील परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉक्टरांचे निधन झाले. आई-वडिलांची आज्ञा आणि मध्यस्थाचा शब्द या दोन्हींशिवाय, समान कामातून जुळलेली ती सोबत होती.

कायद्याने आलेले स्वातंत्र्य

सत्तेवर येताच साम्यवादी राजवटीने १ मे १९५० रोजी विवाह कायदा लागू केला. सक्तीचे विवाह, उपपत्नीची प्रथा, बालवयातील वाग्दान आणि लग्नानिमित्त पैसे उकळणे यांवर बंदी आली. स्त्रीला घटस्फोटाचा अधिकार मिळाला. पती आणि पत्नी या दोघांसाठीही 'आय-रेन', म्हणजे प्रिय व्यक्ती, असा एकच शब्द रूढ झाला. १९८० च्या कायद्याने परस्परांवरील भावना संपुष्टात येणे हे घटस्फोटाचे कारण मानले. ज्या कायद्याला हजार वर्षे प्रेमाची दखलही नव्हती, त्याने ते विवाहाचा पाया म्हणून मान्य केले, हे परिवर्तन छोटे नव्हे.

परंतु कायद्याने जे दिले ते राजकारणाने अनेकांकडून हिरावून घेतले. राओ पिंगरू आणि माओ मेइतांग यांची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. दोघांचे वडील जुने मित्र. लग्न त्यांनीच ठरविलेले. १९४६ मध्ये मुलगी पाहायला गेलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्याला ती खिडकीतून, आरसा हातात धरून ओठ रंगविताना प्रथम दिसली. १९४८ मध्ये त्यांचा विवाह झाला. दहा वर्षांनी राओ यांना सक्तमजुरीसाठी आन्हुई प्रांतात धाडण्यात आले. घटस्फोट घेण्याचा सल्ला मेइतांग यांनी धुडकावला. शांघायमध्ये पाच मुलांना वाढविताना त्यांनी बांधकामावर सिमेंटच्या गोण्याही वाहिल्या. पत्रे आणि वर्षातून एखादी भेट यांवर हा संसार १९७९ पर्यंत तगला. उतारवयात मेइतांग यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि स्मृतीही ढासळली, तेव्हा राओ घरीच त्यांचे डायलिसिस करीत. त्यांनी मागितलेला केक आणण्यासाठी हा वृद्ध सायकलवरून शहर पालथे घाली. केक येईपर्यंत त्या मागणी विसरून गेलेल्या असत. २००८ मध्ये पत्नी गेल्यावर राओ यांनी सारे आयुष्य चित्रांत उतरविले. २०१३ मध्ये ते पुस्तकरूपाने आले आणि तरुण चिनी वाचकांनी ते डोक्यावर घेतले. राओ यांचे २०२० मध्ये निधन झाले.

आई-वडिलांनी ठरविलेल्या विवाहाची ही कथा स्वतःचा जोडीदार स्वतः निवडू पाहणाऱ्या पिढीला का भावली? चिनी भाषेत उतारवयातील जोडीदारासाठी 'लाओ-बान', म्हणजे म्हातारपणाची सोबत, असा जिव्हाळ्याचा शब्द आहे. दांपत्यप्रेमासाठी 'एन-आय' हा शब्द आहे आणि त्यातील पहिले अक्षर उपकाराचे, कृतज्ञतेचे आहे. प्रेम आधी आणि लग्न नंतर की उलट, हा वाद त्या शब्दांना ठाऊक नाही. परस्परांसाठी केलेल्या गोष्टींची आठवण म्हणजे प्रेम, असे ते सांगतात. दोन माणसे भेटण्यामागील योगाला चिनी भाषेत 'युआन' म्हणतात. बौद्ध ग्रंथांतील 'प्रत्यय' या संस्कृत संज्ञेसाठी अनुवादकांनी हेच अक्षर वापरले. मराठी माणूस ज्याला ऋणानुबंध म्हणतो, त्याच्या फार जवळची ही कल्पना आहे. राओ यांच्या वाचकांना त्या पुस्तकात मध्यस्थाची महती दिसली नाही; त्यांना बावीस वर्षे निभावलेला शब्द दिसला.

खेड्यांतही बदल होत होता. मानववंशशास्त्रज्ञ यान युनशियांग यांनी ईशान्य चीनमधील एका खेड्याचा पन्नास वर्षांचा कौटुंबिक इतिहास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. सुना आता वेगळी खोली, वेगळी चूल मागू लागल्या होत्या. पती-पत्नी एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागले होते. फेई यांचा दुय्यम आस मुख्य होऊ लागला होता. मात्र त्याबरोबरच वृद्धांची उपेक्षा आणि स्वतःच्या लग्नासाठी आई-वडिलांकडून अधिकाधिक पैसा वसूल करण्याची वृत्तीही यान यांनी नोंदविली.

घर, हुंडा आणि हिशेब

इथून आजच्या पेचाकडे यावे लागते. १९८० ते २०१५ या काळातील एक अपत्य धोरण आणि मुलाचा हव्यास यांमुळे मुली जन्माआधीच नाहीशा झाल्या. २०२० च्या जनगणनेत स्त्रियांपेक्षा पुरुषांची संख्या सुमारे ३ कोटी ४९ लाखांनी अधिक भरली. परिणामी वरपक्षाने वधूपक्षाला द्यावयाचे 'साय-ली', मराठीत ज्याला देज म्हणता येईल, ते ग्रामीण भागांत भडकले. आपल्याकडील हुंड्याच्या नेमकी उलट दिशा, पण कर्जाचे ओझे तेच. मुलाचे लग्न म्हणजे घर, गाडी आणि देज, असे समीकरण झाले. १९५० मध्ये ज्यावर बंदी घातली ते इतके माजले की सर्वोच्च लोक न्यायालयाला १ फेब्रुवारी २०२४ पासून देजविषयक वादांसाठी स्वतंत्र नियम लागू करावे लागले.

शहरांत चित्र वेगळे, पण मूळ तेच. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये सुट्टीच्या दिवशी आई-वडील उघड्या छत्र्यांवर मुला-मुलींची माहिती चिकटवून बसतात. वय, उंची, पदवी, पगार, सदनिका. सहा विधींतील 'नाव विचारणे' आता या रूपात उरले आहे. सत्ताविशीच्या पुढच्या सुशिक्षित अविवाहित मुलींना 'उरलेल्या स्त्रिया' म्हणण्याची प्रथा पडली आणि २००७ मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या नव्या शब्दांच्या यादीत त्या शब्दाला स्थानही मिळाले. दुसरीकडे जून २०२३ मध्ये शहरी तरुणांतील बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली होती. ज्यांना नोकरी आहे त्यांच्यापैकी अनेकांना सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस राबावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरविली, तरी ती संपली नाही. एकुलत्या एका अपत्याच्या लग्नानंतर दोघांच्या खांद्यांवर चार वृद्ध येतात.

या परिस्थितीवर सरकारचे उपाय कोणते? शान्शी प्रांतातील ल्युलियांग शहराने जानेवारी २०२५ पासून वधूचे वय ३५ पर्यंत असल्यास नवदांपत्याला १५०० युआन देण्यास प्रारंभ केला. त्याआधी झेजियांगमधील एका काउंटीने पंचविशीच्या आतील वधूंसाठी १००० युआन देऊ केले होते. १० मे २०२५ पासून मूळ गावी न जाता देशात कोठेही विवाह नोंदविता येतो. २०२१ पासून सामंजस्याच्या घटस्फोटासाठी तीस दिवस थांबावे लागते. २०२५ मध्ये तीन वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला ३६०० युआन देण्याची योजना जाहीर झाली, तर १ जानेवारी २०२६ पासून गर्भनिरोधकांवरील करसवलत गेली. महाविद्यालयांनी प्रेम आणि विवाह यांचे शिक्षण द्यावे, असेही सुचविण्यात आले आहे.

या साऱ्यांत लग्न लागणे सोपे आणि मोडणे अवघड करण्याची धडपड आहे. पूर्वी विधवांसाठी कमानी उभारल्या जात. आता नोंदणीपत्रावर बक्षीस दिले जाते. दोन्हींत मोजणी संस्थेची आहे, सोबतीची नाही. घटस्फोटासाठी सक्तीने थांबविल्याने २०२१ मध्ये घटस्फोटांचे आकडे एकदम खाली आले, पण लग्न करू पाहणाऱ्या मुलीला त्यातून जो संदेश गेला तो आत जाणे सोपे, बाहेर येणे कठीण, असाच होता. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा या देशात २०१६ मध्ये आला, हे ध्यानात घेतले तर तिची शंका अनाठायी म्हणता येत नाही.

चिनी तरुणाई लग्नाकडे पाठ फिरवीत आहे म्हणून ती सोबतीलाही नाकारीत आहे, असे मानणे घाईचे ठरेल. सातव्या महिन्याच्या सप्तमीला वर्षातून एकदाच भेटणाऱ्या गुराखी आणि विणकरीण या ताऱ्यांचा सण, म्हणजे मराठी पंचांगातील श्रवण आणि अभिजित यांच्या भेटीचा दिवस, ती उत्साहाने साजरा करते. राओ पिंगरू यांचे पुस्तक तिनेच वाचले. पतीच्या आणि एकुलत्या मुलीच्या निधनानंतर लेखिका यांग जियांग यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुटुंबाच्या आठवणी अफाट लोकप्रिय झाल्या. ज्येष्ठांमध्येही विधुर आणि विधवांनी वारसांचे वाद टाळण्यासाठी नोंदणी न करता एकत्र राहण्याचा प्रघात वाढत आहे. तिथे सोबत आहे आणि विवाह नाही.

जुन्या परंपरेकडून घ्यायचा धडा असलाच तर तो इथे आहे. झाओ मिंगचेंगची सुट्टी, शेन फूची बागेशेजारची खोली आणि राओ दांपत्याची पत्रे यांत एक समान सूत्र आहे. जिथे दोघांना थोडा वेळ, थोडी जागा आणि पत्नीला बरोबरीचा शब्द मिळाला, तिथे मध्यस्थाने जुळविलेल्या गाठीतही प्रेम उमलले. जिथे ते मिळाले नाही, तिथे झू आनसारखे आयुष्य वाट्याला आले. आजच्या तरुणांपुढील अडचणही वेळ, जागा आणि बरोबरी यांचीच आहे. कामाचे तास आवरणे, घरांच्या किमती आटोक्यात आणणे, वृद्धांची आणि मुलांची काळजी केवळ सुनेवर न टाकणे, हे उपाय खर्चिक आणि संथ आहेत. त्यांचे फलित पुढच्या तिमाहीच्या आकडेवारीत दिसणार नाही.

विवाहबंधनाचा लाल धागा चंद्राखाली बसलेला म्हातारा बांधतो, अशी चिनी लोककथा आहे. पायाला बांधलेला तो धागा तुटत नाही म्हणतात. तो बांधण्याचे काम आता सरकारने अंगावर घेतले आहे. परंतु धाग्याच्या दोन टोकांना असलेल्या माणसांनी रोज संध्याकाळी एकमेकांशी चार शब्द बोलावेत एवढी फुरसत आणि एवढी निश्चिंती त्यांना कोण देणार, हा प्रश्न १५०० युआनच्या पाकिटाने सुटणारा नाही.